दुपारचा विसावा, शाई आणि कागद

पाटीमास्तरांना चित्रातलं सगळं कळतं असा संग्रहालयात एक समज होता, आणि तो पसरवायला खुद्द मास्तरांचाही हातभार लागला होता. चित्रांखालच्या पाट्या लिहिणं हे त्यांचं काम. तीस वर्षं तेच. चार ओळींत माणसाला सांगायचं की बाबा, तू समोर काय बघतो आहेस. लोक आधी पाटी वाचतात, मग चित्राकडे मान वर करतात, पाटीत लिहिलंय ते सापडलं की खूश होऊन पुढे सरकतात. हे मास्तरांना चांगलं ठाऊक होतं. ठाऊक होतं म्हणून तरी जपून लिहायला हवं होतं की नको? पण अति शहाणा त्याचा बैल रिकामा.

त्यांची सगळ्यांत गाजलेली पाटी मागच्या दालनातल्या एका लहानशा चित्राखाली होती. दोन विती लांब, वीतभर रुंद कागद, दोनशे वर्षांत तपकिरी पडलेली शाई, काढणाऱ्याची ना सही ना नाव. डाव्या हाताला गव्हाचं शेत आणि वाकून कापणारे पाचसहा जण. शेताच्या मधोमध, न कापलेल्या पट्ट्याच्या तोंडाशी, जमिनीत उभा रोवलेला एक विळा. उजवीकडे झाड. झाडाखाली डोळे मिटून आडवी पडलेली एक बाई आणि तिच्याशेजारी गुडघे टेकून बसलेला टोपीवाला गडी. त्याच्या हातात एक बारीक नळी, गुडघ्याशी मडकं.

त्यावर मास्तरांनी लिहिलं होतं: ‘दुपारचा विसावा. डावीकडे कापणीची लय, जणू नाचाचीच. मध्ये कुणीतरी खुशीत टाकून दिलेला विळा. उजवीकडे बासरी ऐकता ऐकता झोपी गेलेली मजूर बाई. वाजवणाऱ्याने बासरी नुकतीच ओठांवरून खाली घेतली आहे. श्रम इथे शिक्षा नाही, सोबत आहे.’

या शेवटच्या वाक्यावर तर माणसं जीव टाकायची. त्याची भेटकार्डं छापली होती. संग्रहालयाच्या प्रमुख, ज्यांना सगळे मोठ्या बाई म्हणत, पाहुण्यांना मुद्दाम त्या चित्रापाशी नेत आणि सांगत, आमचे मास्तर स्वतः शेतात वाढलेत, हे पुस्तकातून आलेलं नाही. मास्तर नम्रपणे खाली बघत. खाली बघितलं की माणूस आणखी मोठा दिसतो, हेही त्यांना कळत होतं.

शेतात वाढले हे मात्र खरं. आई त्यांना जन्म देऊन गेली, वडील कामाच्या शोधात गेले ते गेलेच. राहिली बारा वर्षांनी मोठी ताई. तिने लोकांच्या शेतात पात धरली. पात म्हणजे कापणाऱ्या माणसाच्या वाट्याचा पट्टा; तो दिवस मावळायच्या आत संपवायचा, नाहीतर मुकादम दुसऱ्या दिवशी उभं करत नाही. त्या पातीवर ताईने मास्तरांना वाढवलं, शाळेत घातलं, शहरात कॉलेजला धाडलं, आणि ते शाईत हात घालून बसले तरी ती वीस वर्षं विळा चालवत राहिली. स्वतःच्या लग्नाचं तिने नावही काढलं नाही. पुढे मास्तरांचंही राहूनच गेलं.

मास्तरांना लहानपणची दुपार लख्ख आठवायची. ते पाचसहा वर्षांचे. शाळा नसली की ताईबरोबर शेतावर. ऊन डोक्यावर आलं की ताई झाडाखाली येऊन पडायची आणि म्हणायची, चल बारक्या, थेंबाचा खेळ. मग मास्तरांनी गव्हाची पोकळ काडी मडक्यात बुडवायची, वरच्या तोंडावर अंगठा दाबायचा, काडी ताईच्या ओठांवर न्यायची आणि अंगठा उचलून थेंब सोडायचा. ताई डोळे मिटून झोपेचं सोंग घ्यायची. थेंबावर थेंब सोडत राहायचं. तिने डोळे उघडले की मास्तर जिंकले. कधी दहाव्या थेंबाला उघडायची, कधी दोनशेव्या. “जिंकलास रे बारक्या,” म्हणायची आणि उठून पुन्हा उन्हात जायची. त्या पाटीतला सगळा गोडवा या आठवणीतून आला होता.

आता ती ताई सहासष्ट वर्षांची, मास्तरांच्या दोन खोल्यांत, खिडकीजवळच्या कॉटवर. पाय सुजलेले, तोंडाला कडवट चव, दोन्ही किडन्या जवळजवळ गेलेल्या. आठवड्यातून तीनदा मशीनवर रक्त धुऊन घेतलं तर काही वर्षं काढेल, नाहीतर फार तर उन्हाळा, असं डॉक्टरीणबाईंनी दाराबाहेर नेऊन सांगितलं. खासगी इस्पितळातल्या मशीनचा मास्तरांनी एकदा विचार केला आणि सोडून दिला. त्यांच्या पगाराच्या ते पलीकडचं होतं. पण शेतमजुरांच्या मंडळाची नऊ मशीनं होती, फुकट, आणि एक जागा रिकामी झाली होती. ती जागा कुणालाही मिळत नसे. उन्हातल्या कामाने ज्याच्या किडन्या गेल्या त्यालाच. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, किडन्या गेल्यात एवढं मी लिहून देईन, कशाने गेल्या ते मंडळ तुमच्या अर्जावरून ठरवेल, तेव्हा ताईंना नीट विचारून लिहा.

विचारून! तीस वर्षं दुसऱ्याला काय दिसतंय हे सांगत आलेला माणूस तो. त्याला काय विचारायचं असतं? मास्तरांनी रविवारी सकाळी टेबल पुसलं, चांगलं पेन काढलं आणि एका बैठकीत अर्ज संपवला. चौदावा प्रश्न होता: दुपारी सावलीत विश्रांती मिळत असे काय, सविस्तर लिहा. इथे त्यांची लेखणी अशी काही धावली की जोडकागद लावावा लागला. झाड, सावली, मडक्यातलं गार पाणी, बहीणभावाचा खेळ, हसू, सगळं आलं. वाचणाऱ्याला कळायला हवं ना, केवढ्या आनंदाने राबलेली बाई आहे ती! पंधरावा प्रश्न: उन्हाने कधी शुद्ध हरपली होती काय? तिथे त्यांनी ‘नाही’ लिहिलं आणि पान उलटलं. ताईने विचारलं, काय लिहिलंस? मास्तर म्हणाले, तुझं कौतुक. तिने शाईत अंगठा बुडवला आणि दाखवलं तिथे टेकवला.

तीन आठवडे गेले. उत्तर आलं नाही. एका मंगळवारी इस्पितळात रक्त तपासून परतताना मास्तरांना वाटलं, संग्रहालय वाटेवरच आहे, ताईने आपलं काम कधी पाहिलेलंच नाही. खरं सांगायचं तर तिच्या तोंडून शाबासकी ऐकायची होती. पुन्हा संधी मिळेल न मिळेल, हेही मनात होतंच. त्यांनी दारावरची चाकाची खुर्ची मागून घेतली आणि तिला मागच्या दालनात नेलं. दालनात त्यांच्याशिवाय कुणी नव्हतं.

मास्तरांनी पाटी मोठ्याने वाचली, सभेत वाचतात तशी. ताई चित्राकडे बघत राहिली. तिने खुर्ची आणखी जवळ घ्यायला लावली, पदराने डोळे पुसून पुन्हा पाहिलं आणि म्हणाली, “छान लिहिलंयस.”

आता गप्प बसावं की नाही माणसाने? पण शाबासकीला चटावलेल्या माणसाला ‘छान’ पुरत नाही. मास्तरांनी विचारलं, “तुला काय दिसतं, ताई?”

चोपन्न वर्षांच्या आयुष्यात असा प्रश्न त्यांनी तिला पहिल्यांदा विचारला होता. ताईने उगाच सुस्कारा सोडला नाही की भाव खाल्ला नाही. भाजी निवडताना बोलावं तसं ती बोलायला लागली. तो विळा कुणी टाकलेला नाही, म्हणाली. टाकलेला विळा आडवा पडतो. हा मुद्दाम उभा रोवलाय. पात धरलेली बाई उन्हाने कोसळली की बाकीचे तिचा विळा पातीच्या तोंडाशी उभा करतात. म्हणजे पात धरलेली आहे, बाई इथेच कुठेतरी आहे. बांधावरून मुकादमाला विळा दिसला की तो पुढे जातो. आणि हे दोघं बघ, आजूबाजूचे. नाचत नाहीयेत रे. स्वतःची पात सोडून आत वाकलेत. आपलं कापता कापता मूठमूठ तिचंही कापतायत, तिची पात मागे राहू नये म्हणून. त्यांची कंबर किती वळलीय बघ.

मास्तरांनी पाहिलं. बावीस वर्षं ते चित्र पाहत होते. ती दोन माणसं खरोखरच न कापलेल्या पट्ट्यात वाकलेली होती आणि त्यांची स्वतःची पात मागे राहिली होती.

“आणि बासरी?” त्यांनी विचारलं. आवाज निम्म्याने खाली आला होता.

“बासरीला भोकं कुठायत?” ताई म्हणाली. “वरच्या टोकावर अंगठा बघ कसा दाबलाय. बेशुद्ध माणसाच्या तोंडात पाणी ओतलं तर ते श्वासात जातं, बारक्या. थेंबाथेंबानेच द्यावं लागतं. तुला नाही का मी शिकवलं होतं?”

काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात, तो असा. मास्तरांनी त्या नळीसाठी तीन ग्रंथालयं पालथी घातली होती, जुन्या वाद्यांची पुस्तकं चाळली होती, आणि अंगठा कसा दाबतात हे जगात ज्याला सगळ्यांत नीट ठाऊक होतं तो त्यांचाच अंगठा होता. ते खुर्चीशेजारी खालीच बसले. “म्हणजे तू सोंग घेत नव्हतीस,” ते म्हणाले.

ताई जरा ओशाळली. चोरी पकडली गेल्यासारखं तिने इकडेतिकडे पाहिलं. तू एवढासा होतास, म्हणाली, घाबरून रडला असतास, रडणं मुकादमाच्या कानावर गेलं असतं, विळा उभा करूनही काही उपयोग झाला नसता. खेळ म्हटलं की तू गप्प बसायचास, शहाण्यासारखा. कितीदा झालं असं, हे मास्तरांनी विचारलं तेव्हा ती म्हणाली, मोजतंय कोण, कापणीचे दिवस म्हणजे रोजचंच की. नंतर तू शहरात गेलास तेव्हा इतर बाया द्यायच्या पाणी. पण तुझा हात चांगला होता.

मास्तरांना पंधरावा प्रश्न आठवला. शुद्ध हरपली होती काय? तिथे त्यांनी ‘नाही’ लिहिलं होतं. ते उठले आणि घाईघाईने खुर्ची दाराकडे ढकलू लागले. ताई विचारत होती, अरे काय झालं.

दुसऱ्या दिवशी मंडळाचं कार्यालय उघडायच्या आधीच ते पायरीवर उभे होते. सचिव भला माणूस होता. त्याने खुर्ची दिली, फाइल काढली, आणि निर्णय परवाच झाला आहे, पत्र आज टपालात पडेल, असं सांगितलं. अर्ज नामंजूर. जागा एका वीटभट्टीवाल्या मजुराला गेली. नाही, शेतावरच्या, तो आधी भट्टीवर होता, सचिवाने स्वतःची चूक दुरुस्त केली. मास्तरांनी सगळं सांगितलं, उभा विळा, काडी, थेंब. सांगताना त्यांना स्वतःलाच ते बनवलेलं वाटायला लागलं, कारण त्यांच्याकडे सांगायची जी पद्धत होती ती पाटीचीच होती.

सचिवाने ऐकून घेतलं. मग जोडकागद उघडून त्यातल्या चार ओळी वाचल्या, आणि वाचताना त्याचा आवाज हळुवार झाला. “किती सुंदर लिहिलंय तुम्ही,” तो म्हणाला. “बैठकीत सगळ्यांना आवडलं.”

“ते खोटं आहे,” मास्तर म्हणाले.

“नामंजूर झाल्यावर रोज दोनतीन जण हेच सांगायला येतात. म्हणून नियम आहे, पहिलं निवेदन तेच निवेदन. साक्षीदार असेल तर वर्षभराने पुन्हा अर्ज करता येतो. तेव्हा तिथे कोण होतं?”

“मी होतो.”

सचिवाने कागदावर बोट ठेवलं. “तुम्ही तर लिहिलंय, त्या खेळत होत्या.”

इतर कुणी? त्या बाया? मास्तरांना त्यांची नावंही माहीत नव्हती. त्यांनी कधी विचारलीच नव्हती. वर्षभर थांबायला ताईकडे वर्ष नव्हतं. हे त्यांनी सांगितलं, आणि सचिव म्हणाला की त्याला मनापासून वाईट वाटतं. वाटलंही असेल. त्याने जिन्यापर्यंत सोबत केली.

घरी जाऊन सांगणं भाग होतं. मास्तरांनी सांगितलं, अर्जात काय लिहिलं तेही सांगितलं, आणि सांगता सांगता लहान पोरासारखे रडले. आपल्याच हाताने आपण बहिणीचा गळा दाबला असं ते म्हणत राहिले. ताईने त्यांना रडू दिलं. ती रागावली असती तर बरं झालं असतं. नंतर एवढंच म्हणाली, “माझंच चुकलं. मोठा झाल्यावर सांगायला हवं होतं. पण तू ती दुपार इतक्या प्रेमाने सांगायचास, म्हटलं, एवढं एक तरी राहू दे ह्याच्याकडे.”

पाटी बदलण्याचा अर्ज मास्तरांनी त्याच आठवड्यात मोठ्या बाईंकडे दिला. बैल गेला अन् झोपा केला. बाईंनी पुरावा विचारला. माझी बहीण, मास्तर म्हणाले. बाई वाईट नव्हत्या, पण पुढच्या वर्षीच्या सूचीत बघू म्हणाल्या. मग मास्तरांनी दुपारी पेचकस आणून स्वतःच पाटी काढली आणि खणात टाकली. चित्राखाली चार भोकं राहिली. ते बाकावर बसून राहिले, आता तरी लोक नुसतं चित्र बघतील म्हणून. थोड्या वेळाने नवराबायको आले. पाटी दिसेना म्हणून त्यांनी जरा शोधाशोध केली, आणि मग बायको नवऱ्याला म्हणाली, किती निवांत आहेत बघ सगळे. नवरा म्हणाला, पूर्वी असंच असायचं. मास्तरांना उठून काही सांगावंसं वाटलं, पण त्यांच्या सांगण्यावरचा त्यांचा स्वतःचाच विश्वास उडाला होता. दोघं पुढच्या चित्राकडे गेले.

उन्हाळा लागला. ताईची लघवी थांबत आली तसं पाण्यावर बंधन आलं. दिवसाला एक लहान पेला, त्यापेक्षा जास्त गेलं तर छातीत भरेल, असं डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं. जन्मभर पाण्यावाचून राबलेल्या बाईला शेवटीही पाणी मोजूनच मिळायचं होतं. तिचे ओठ फुटले. चमचा लागला की रक्त यायचं. तेव्हा मास्तर संग्रहालयाच्या तळघरात गेले, जिथे मूर्ती पाठवायच्या पेट्यांत पेंढा भरतात, आणि त्यातून गव्हाच्या धड पोकळ काड्या निवडून कागदात गुंडाळून घरी आणल्या. रजा टाकली. रोज दुपारी पेला घेऊन कॉटशेजारी गुडघे टेकून बसायचे. काडी बुडवायची, अंगठा दाबायचा, ओठांवर न्यायची, अंगठा उचलायचा. अठ्ठेचाळीस वर्षांनीही अंगठा काही विसरला नव्हता.

पहिले काही दिवस ती चारपाच थेंबांनंतर डोळे उघडायची. “जिंकलास,” म्हणायची, आणि मास्तरांना वाटायचं की भिंतीवर डोकं आपटावं. एकदा म्हणाली, विळा उभा केलाय का रे? मास्तर म्हणाले, केलाय ताई. तिचं समाधान झालं. पुढे विसाव्या थेंबाला उघडायची. मग पन्नासाव्या. मग बोलणं थांबलं, नुसत्या पापण्या हलायच्या, तेवढ्यालाही मास्तर जिंकलो म्हणायचे.

एका दुपारी ऊन खिडकीतून कॉटपर्यंत आलं तेव्हा त्यांनी पडदा ओढला, नवी काडी घेतली आणि सुरुवात केली. पेला निम्मा झाला. पापणी हलली नाही. त्यांनी हाक मारली नाही. खेळात हाक मारायची नसते, असा ताईचाच नियम होता. रस्त्यावरून कुणी हातगाडी ढकलत नेली, शेजारच्यांचा नळ सुरू झाला आणि बंद झाला. पेल्यात बोटभर पाणी राहिलं. थेंब आता आत जात नव्हता, ओठाच्या कोपऱ्यातून घरंगळून उशीवर उतरत होता, आणि उशीवर वीतभर ओल झाली होती. मास्तरांना ते दिसत होतं. काय दिसतंय हे त्यांना चांगलं कळत होतं. त्यांनी काडी पुन्हा पेल्यात बुडवली, अंगठा दाबला आणि आणखी एक थेंब सोडला.